एक घर राहिलं

मला कुणाचा मत्सर वाटायचा ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी भलता तर्क करायला नको. बायकोच्या चर्चचा. अख्ख्या मंडळीचा, लहानथोरांसकट, बायाबापड्यांसकट. आणि त्यातल्या त्यात ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्याचा. हसायचं तर हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

माझी बायको पाळक आहे. बाईमाणूस चर्चची पाळक होते हे अजून पुष्कळांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांच्यातल्या काहींना ते ऐकून ठसका लागतो. लग्न झालं तेव्हा ती साताऱ्यात बालवाडीवर शिकवायची आणि मी फौजेत होतो. मी कधी जम्मूला, कधी आसामात. छुट्टी मिळेल तेवढाच संसार. मुलगी झाली, मोठी झाली, कोल्हापूरला हॉस्टेलवर गेली. त्या सगळ्या रिकाम्या संध्याकाळींत हिनं बायबल कॉलेजचा अभ्यास धरला, परीक्षा दिल्या आणि एके दिवशी तिची दीक्षा झाली. मी त्या दिवशी पोस्टवर होतो. फोटो मोबाइलवर पाहिला. पांढऱ्या झग्यात उभी होती आणि आजूबाजूला मला अनोळखी अशी पन्नास माणसं तोंडभर हसत होती. खरं तर मत्सर तिथंच सुरू झाला असणार.

हवालदार म्हणून रिटायर होऊन मी साताऱ्याला आलो तेव्हा मनात एकच होतं. झालं एवढं पुरे, आता घर, आता ती आणि मी. आणि त्याच उन्हाळ्यात हिची बदली झाली. पलूसच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात, एका जुन्या चर्चवर. मी म्हटलं, हरकत नाही. बदल्यांची मला सवय आहे. फरक एवढाच की या वेळी हुकूम तिच्या नावानं आला होता आणि सामानाबरोबर मी होतो.

टेम्पो चर्चच्या आवारात शिरला तेव्हा निम्मी मंडळी फाटकात उभी होती. पाळकाच्या घराला तिथं बंगला म्हणतात. तीन खोल्या, कौलं आणि मागं न्हाणी, पण म्हणायचं बंगला. माझ्या हाताला काम लागू दिलं नाही कुणी. बायांनी स्वयंपाकघर लावलं, पोरांनी पलंग जोडला, कुणीतरी माझी ट्रंक उघडून माझे बनियन घड्या घालून फळीवर ठेवले. संध्याकाळी मला चहा करावासा वाटला तर साखरेचा डबा सापडेना. शेजारच्या काकूंना हाक मारून विचारावं लागलं, की आमच्या घरात आमची साखर कुठं आहे.

पहिल्या रविवारी उपासनेनंतर स्वागत झालं. तिथली पद्धत अशी, की नव्या पाळकांना शाल-नारळ आणि पाळकीणबाईंना, म्हणजे पाळकांच्या बायकोला, महिला मंडळातर्फे साडी. वर्षानुवर्षं चालत आलेलं. कमिटीनं या वेळी विचार केला असेल नसेल, देव जाणे. सेक्रेटरींनी माइकवर नेहमीच्या सुरात पुकारलं, "आता पाळकांच्या जोडीदारांचा सत्कार." महिला मंडळाच्या अध्यक्षा पुढं आल्या आणि त्यांनी माझ्या हातात खोकं दिलं. मी आपला फौजी माणूस, मिळालं ते घेतलं, सॅल्यूट ठोकला. उघडून बघतो तर हिरवी साडी, लाल काठाची, ब्लाउजपीससकट. सगळं चर्च खो खो हसलं. हीसुद्धा हसली, शालीचा पदर तोंडाला लावून. मीही हसलो. हसण्यावाचून करतो काय? पण घरी आल्यावर मला राग आला. बायकोला नारळ आणि मला साडी, म्हणजे मी इथं कोण ते ठरूनच गेलं होतं.

लोक वाईट नव्हते, उलट लय चांगले होते, तीच तर पंचाईत. वाईट असते तर भांडता आलं असतं. उसाच्या फडात राबणारी, कारखान्यात पाळी करणारी, द्राक्षाच्या बागेत जाणारी माणसं. भाजीची पहिली जुडी बंगल्यावर आणून द्यायची. मला 'मेजर' म्हणायची. मी कधी मेजर नव्हतो, पण त्या भागात फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजर. मेजर म्हणायची आणि माझ्या खांद्यावरून आत बघायची, बाई दिसतात का ते.

मग घरभेटी सुरू झाल्या. नव्या पाळकानं मंडळीतल्या प्रत्येक घरी जायचं, टेकायचं, चहा घ्यायचा, कसं चाललंय म्हणून विचारायचं, ऐकायचं आणि त्या घरासाठी प्रार्थना करायची. घरं आसपासच्या गावांत विखुरलेली. हिला तेव्हा गाडी येत नव्हती, म्हणून मी मोटारसायकलवर न्यायचो. मला वाटलं, चला, या निमित्तानं तरी जोडीनं फिरू. पहिल्याच घरी पोहे झाले, चहा झाला आणि घरधनी घसा खाकरून म्हणाला, "मेजर, राग मानू नगा, पर बाईंशी जरा बोलायचं हुतं. तुमी वाईच भायेर बसता का?"

बसलो बाहेर. पुढच्या घरीही बाहेर. त्याच्या पुढच्याही. त्या भागातल्या सगळ्या म्हशी मला ओळखायला लागल्या. आतून कुजबुज यायची, मुसमुसणं यायचं, मध्येच शांतता. आणि कधीकधी हिचं हसणं यायचं. मोकळं, खळखळून. मी दावणीशेजारी बाजेवर बसून ते ऐकायचो आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण घरी ती हसायची नाही. घरी यायची ती थकून. दिवसभर गोड बोलून बोलून घसा बसलेला असायचा, म्हणून माझ्याशी खुणेनं बोलायची. मीठ पाहिजे असलं तर बोट दाखवायची. लोकांना आवाज आणि मला बोट!

सगळ्यांत जास्त वेळ खायचे ते आबा. एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर, कमिटीतले सगळ्यांत जुने सभासद, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सून पिंपरीला. आबांच्या घरी जायचं म्हणजे कुठूनही वळसा घालून जायचं. आबा हिच्यासाठी वेगळा कप ठेवत, फुलांचा. मला स्टीलचा पेला. आबा हिला घाटातल्या गोष्टी सांगत, पसरणीच्या वळणावर ब्रेक कसे गेले आणि गाडी कशी थांबवली. ही डोळे विस्फारून ऐकायची. अगं, मी बर्फातून गाडी काढलीय! पुढं ट्रक घसरत होता, मागं दरी होती! पण मला कुणी विचारलं का? सांगायला लागलो तर म्हणायची, "हे मागच्या छुट्टीत सांगितलंत."

मी घरभेटींना जाणं बंद केलं. म्हटलं, बघू कशी जाते. तिनं पंधरवड्यात स्कूटी शिकून घेतली आणि एकटी जायला लागली. तेव्हा तर माझा जळफळाट दुप्पट झाला. बाहेर बसून निदान हसणं तरी कानावर पडत होतं.

पाचगणीचं तर ऐकाच. लग्न झालं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, की थंडीत एकदा पाचगणीला जाऊ, टेबललँडवर बसू, स्ट्रॉबेरी खाऊ. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला पाचगणी ती काय, तासाभराची वाट. पण प्रत्येक छुट्टीत काहीतरी निघायचं आणि राहून जायचं. मग या हिवाळ्यात मीच हट्ट धरला. सोमवार धरला, कारण सोमवार पाळकाचा सुट्टीचा. सकाळी निघालो, कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी लावली आणि साताऱ्याच्या एस.टी.त बसलो. खिडकीची जागा मिळाली. तिनं केसांत गजरा माळला होता. कंडक्टर चढला आणि हिचा फोन वाजला.

आबा. "बाई, छातीत कसंतरीच व्हायला लागलंय वो."

उतरलो. काय करणार? छातीचं नाव काढल्यावर कोण बसून राहील? मोटारसायकल अशी हाणली की ती मागं माझा शर्ट गच्च धरून बसली होती. आबांना उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर हसले. रात्री शेजारच्या लग्नघरी आबांनी भजी हाणली होती. पोटातला गॅस! म्हाताऱ्याला गॅस झाला आणि माझी पाचगणी गेली. आबा कॉटवर बसून म्हणाले, "बाई आल्या आनि लगेच बरं वाटलं बगा." मला वाटलं, याला कॉटसकट उचलून खिडकीबाहेर ठेवावं.

घरी परत येताना ती म्हणाली, "चिडलात?" मी म्हटलं, "मी कशाला चिडू? मी कोण?" तिनं गजरा काढून देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात, बायबलच्या शेजारी ठेवला आणि झोपली. दिवसाढवळ्या. इतकी थकली होती.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझ्या जुन्या पलटणीतल्या जोडीदाराचा फोन आला. एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची जागा होती, राहायला खोली, वर्दी, हाताखाली माणसं. "आजा यार, वहाँ चर्च में झाडू मारेगा क्या?" तो म्हणाला. महिनाअखेर कळवायचं होतं. मी हिला सांगितलं. मला वाटलं, भांडेल, रडेल, नाही तर निदान जाऊ नका म्हणेल. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही बघा. तुम्हाला जे बरं वाटेल ते करा."

तुम्ही बघा! लोकांच्या नवराबायकोच्या भांडणात ही रात्र-रात्र बसून दोघांची समजूत घालणार, पळून गेलेल्या सुनेला माघारी आणणार, आणि नवरा निघाला तर, तुम्ही बघा. मी मनात ठरवलं, जायचं. इथं मी असलो काय आणि नसलो काय, साखरेचा डबासुद्धा जागचा हलणार नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा होती. सभेची शिस्त कडक. अध्यक्षस्थानी पाळक, म्हणजे ही. ज्याला बोलायचं त्यानं उभं राहून अध्यक्षांना उद्देशून बोलायचं, आणि बोलणं विषयाला धरून असेल, दुसऱ्या कुणी दुजोरा दिला, तर अध्यक्षांना ते घ्यावंच लागतं. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर. मनात पुण्याच्या गाड्यांच्या वेळा.

हिनं अहवाल दिला. छताचं काम, मुलांची शाळा, नाताळची तयारी. आणि शेवटी म्हणाली, "देवाच्या कृपेनं मंडळीतल्या सगळ्या घरभेटी पूर्ण झाल्या. एकही घर राहिलं नाही."

टाळ्या वाजल्या. आबांच्या तर थांबेनात. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभा राहिलो ते मला स्वतःला कळायच्या आधी.

"अध्यक्षबाई, दुरुस्ती आहे."

तिनं चष्म्यावरून पाहिलं. "बोला."

"एक घर राहिलं."

सेक्रेटरी कागद चाळायला लागले. "कुठलं वो मेजर?"

"याच आवारातलं. बंगला म्हणतात त्याला. तिथं एक माणूस राहतो. बाप्तिस्मा झालेला आहे, दर रविवारी येतो, मागं बसतो. त्याच्याकडं अजून पाळक गेलेले नाहीत."

पोरं आधी हसली. मग त्यांच्या आयांनी त्यांना चिमटे काढले, कारण माझा चेहरा बघून विनोद नाही हे त्यांना कळलं. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं, आता ही आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही. मग पुढच्या बाकावरून काठी टेकवल्याचा आवाज आला. आबा उठत होते. त्यांना उठायला वेळ लागतो.

"दुरुस्ती बराबर हाय," आबा म्हणाले. "माझा दुजोरा घ्या."

ही कागद सारखे करत राहिली. आणि मग अगदी अध्यक्षांच्या आवाजात म्हणाली, "दुरुस्ती मान्य. मंगळवारी संध्याकाळी. सेक्रेटरी, नोंद घ्या."

सोमवारी आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. मंगळवारी दुपारी मी घर झाडलं, पलंगावर धुतलेली चादर घातली, पोहे भिजवले. स्वतःच्या बायकोसाठी मी कधी पोहे केले नव्हते. जवानांसाठी मणामणानं केले होते. शर्टही इस्त्रीचा घातला. संध्याकाळी ती मागच्या दारानं बाहेर पडली. मला वाटलं, गेली कुठंतरी, येत नाही आता. पण चर्चला वळसा घालून पुढच्या बाजूनं आली. खांद्याला ती नेहमीची पिशवी, पायऱ्यांखाली चपला काढल्या आणि उघड्या दारावर टकटक केली.

"सलाम," ती म्हणाली, मंडळीत एकमेकांना म्हणतात तसं.

"सलाम, बाई. या. बसा."

तिला मी आयुष्यात पहिल्यांदा 'बाई' म्हटलं. ती पाहुण्यांच्या खुर्चीत बसली. पोह्यांत मीठ जास्त झालं होतं, ते तिनं न बोलता खाल्लं. फोन बंद करून पिशवीत टाकला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कसं चाललंय?"

तोच आवाज. बाहेर बाजेवर बसून ऐकलेला. तो असा समोरून, माझ्यासाठी आला. मी सांगायला लागलो आणि थांबलोच नाही. म्हशी सांगितल्या, फुलांचा कप सांगितला, बोटानं मागितलेलं मीठ सांगितलं. म्हटलं, मला या लोकांचा राग नाही येत, मत्सर वाटतो. एवढा वाटतो की प्रार्थनेला डोळे मिटवत नाहीत. पुण्याचं सांगितलं. आपण म्हातारे होऊ आणि मला बायको मिळालीच नसेल असंही सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. घड्याळाकडं बघितलं नाही. ही माणसं हिला का सोडत नाहीत ते मला त्या खुर्चीसमोर बसल्यावर कळलं, आणि कळल्यावर मत्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. एवढं यांना रोज मिळतं!

"प्रार्थनेसाठी काही विषय आहे?" तिनं विचारलं. हे सगळ्यांना विचारायचं असतं.

"आहे. माझी बायको."

तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"साताऱ्याला मी हाच विषय द्यायचे," ती म्हणाली. "दर रविवारी उभं राहून. 'माझे मिस्टर.' लोक वैतागले होते. तुमच्या पलटणीचा मला इतका जळफळाट व्हायचा ना, काय सांगू. छुट्टीवर यायचात तरी त्यांच्याच गोष्टी. रात्री फोन आला की उठून अंगणात जायचात, आणि तुमचं हसणं आत ऐकू यायचं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ड्यूटीवर असायचात. ड्यूटीवरच्या माणसाला काय बोलायचं?" तिनं पदरानं चष्मा पुसला. "पुण्याला जायचं तर जा. मी थांबा म्हणणार नाही, मला ते म्हणता येत नाही. कधी म्हटलंच नाही ना. मला वाट बघायची सवय आहे."

ते ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. साधं म्हणाली, जशी पाण्याची वेळ सांगावी. मी फौजेत गोळ्यांचे आवाज ऐकलेत, पण असं भ्यायलो नव्हतो. ही माझ्याशिवाय राहू शकते, राहिलीय, उद्याही राहील. मी एवढा मत्सर करत होतो तो लोक हिला घेऊन जातील म्हणून, आणि इथं मीच उठून चाललो होतो.

तेवढ्यात पायऱ्यांवर काठी वाजली. आबा.

"बाई हायत का?"

मी दारात जाऊन उभा राहिलो, सगळं दार अडवून. "आहेत. पण घरभेटीला गेल्यात."

आबांनी खाली चपलांकडं पाहिलं, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडं. "असं व्हय! मग चालू द्या की. मी उद्या येतो."

"परवा या," मी म्हणालो.

दार लावून आत आलो तर ती ओठ दाबून हसू आवरत होती, डोळे मात्र ओलेच होते. "पुण्याला काय कळवणार?" तिनं विचारलं.

"जमत नाही म्हणून. इथंच पहारा लागलाय. एक म्हातारा आहे, त्याच्यावर नजर ठेवायला माणूस पाहिजे."

तिनं डोळे पुसले, बायबल मांडीवर घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडून मान खाली घातली.

"थांब," मी म्हटलं. "प्रार्थना नको इतक्यात."

"का?"

"प्रार्थना झाली की तू उठशील."